उष्णकटिबंधातल्या बेटावर मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषुववृत्ताच्या थोडं उत्तरेला, एका सखल प्रवाळबेटावर मी आठ महिने राहिले. किनाऱ्याकिनाऱ्यानं चालायला लागलं की पाऊण तासात निघाल्या जागी परत, एवढाच त्या बेटाचा पसारा. अशा ठिकाणी चार-सहा महिने, वर्षभर राहायला निघालेली माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आठवडाभराच्या सहलीला यातलं फारसं काही लागणार नाही. मुक्काम करायचा तर सगळ्यात आधी पाण्याचं गणित समजावं लागतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

चारी बाजूंनी खारं पाणी. मग प्यायचं पाणी येतं कुठून?

पायाखालून. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ विहिरीच्या काठावर बसून राहिले होते.

बेटावर पडलेला पाऊस वाळूत आणि प्रवाळाच्या खडकात मुरतो. खाली समुद्राचं खारं पाणी असतंच. गोडं पाणी त्याच्यापेक्षा किंचित हलकं असल्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं आणि बेटाच्या पोटात भिंगाच्या आकाराचा एक थर तयार होतो, मधे जाड आणि कडेला पातळ. हिशेब असा आहे की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. छोट्या बेटांवर प्रत्यक्षात इतका जाड थर मिळत नाही. भरती-ओहोटीनं पाणी सतत वरखाली होतं, खारं-गोडं मिसळत राहतं आणि ती वरची पातळीही बऱ्याचदा काही सेंटिमीटरच असते.

या हिशेबाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. वरची पातळी थोडी जरी उतरली, तरी खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. म्हणून अशा विहिरीवर मोठा पंप लावून एकदम उपसा करायचा नसतो. पाणी थोडं थोडं, बेटावर पसरलेल्या उथळ विहिरींमधून काढायचं. एकदा विहीर मचूळ झाली की पुन्हा गोडी होण्यासाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते. मोठ्या वादळात लाटा जमिनीवर आल्या तर त्याहूनही जास्त.

दुसरा स्रोत म्हणजे छप्पर. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या छपरावर २० मिलिमीटरची एक सर कोसळली की १००० लिटर. त्यातलं थोडं उडून, सांडून जातं. पन्हळी पावसाआधी साफ करा, पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, टाकीच्या तोंडाला जाळी लावा. प्यायचं पाणी उकळून घ्या, मग ते विहिरीचं असो की टाकीचं.

तिसरा मार्ग, समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करण्याचा. मोठ्या वस्तीच्या बेटांना त्याशिवाय गत्यंतर नसतं. पण २०१४ च्या डिसेंबरमध्ये मालदीवची राजधानी माले इथल्या अशा प्रकल्पाला आग लागली आणि सगळं शहर नळाच्या पाण्याला मुकलं. विमानांनी आणि जहाजांनी बाहेरच्या देशांतून पाणी न्यावं लागलं. घर भाड्यानं घेताना खोल्यांआधी टाकी बघा, ती केवढी आहे आणि कोरड्या महिन्यांत कितपत भरलेली असते ते विचारा, असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठीच.

दिवसभर करता काय?

उजाडायच्या आत उठायचं. अंगमेहनतीची कामं नऊच्या आत आटपायची, दुपारी सावलीत पडायचं, ऊन उतरलं की पुन्हा बाहेर. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर जवळजवळ बारा तासांचाच असतो, त्यामुळे हे वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलत नाही.

संध्याकाळ मात्र फसवते. तिथे सूर्य तिरका न कलता जवळजवळ सरळ खाली बुडतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत मिट्ट काळोख होतो. “सूर्यास्त झाला, आता निवांत परतू” असं म्हणून चालत नाही. बॅटरी दुपारीच खिशात हवी.

उरलेला दिवस समुद्र ठरवतो.

भरती-ओहोटी समजायला किती दिवस लागतात?

एक अख्खा चांद्रमहिना द्या. बहुतेक ठिकाणी दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि त्यांची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. तिथी माहीत असली की निम्मं काम झालं.

निम्मंच. कारण दुसऱ्या किनाऱ्याचं गणित आपल्या बेटाला लागू करता येत नाही. काही ठिकाणी दिवसात एकच भरती येते. ताहितीत तर भरती रोज साधारण दुपारी बारा आणि रात्री बारा वाजता येते. तिथे चंद्रामुळे होणारा चढउतार जवळजवळ शून्यावर येतो आणि सूर्याचाच प्रभाव उरतो. म्हणून जिथे राहाल तिथलं कोष्टक मिळवा आणि भिंतीवर लावा.

माझ्याकडे कोष्टक होतं, तरी तिसऱ्या आठवड्यात मी चुकले. उधाणाच्या ओहोटीला प्रवाळाचा सगळा कट्टा उघडा पडला होता आणि मी डबक्यांतले निळे मासे, काळ्या समुद्री काकड्या, तारामासे बघत बघत कट्ट्याच्या पार टोकाला गेले. पाणी परतलं ते समोरून न येता माझ्या पाठीमागून, किनारा आणि कट्टा यांच्यामधल्या खोलगट भागातून. वळून पाहिलं तेव्हा गुडघाभर होतं, अर्ध्या वाटेत कमरेपर्यंत आलं. शेवटचा टप्पा पोहत काढला. पायाला प्रवाळ लागून झालेल्या जखमा भरायला तीन आठवडे लागले. त्या दिवसापासून माझा नियम: ओहोटी तळाला पोचली की परत फिरायचं, समोर कितीही सुंदर काही दिसत असलं तरी.

बेट निवडताना डोंगराळ घ्यावं की सखल?

माझं मन सखल बेटावर आहे, पण पहिल्यांदाच लांबच्या मुक्कामाला जाणाऱ्याला मी डोंगराळ बेट सुचवेन. ज्वालामुखीतून तयार झालेल्या बेटांवर ओढे असतात, माती असते, भाजीपाला पिकतो, चढायला उंच जागा असते. ढग डोंगराला अडतात, त्यामुळे वाऱ्याच्या बाजूला पाऊस भरपूर आणि आडोशाच्या बाजूला कमी. घर कुठल्या बाजूला आहे हे त्यामुळे फार महत्त्वाचं ठरतं.

प्रवाळबेटावर यातलं काही नाही. वाळू, झावळ्या, झुडपं आणि प्रकाश. पण या दोन्हींचं नातं आहे. चार्ल्स डार्विननं १८४२ मध्ये मांडलं की कंकणाकृती प्रवाळबेटं म्हणजे हळूहळू खचत गेलेले ज्वालामुखी. डोंगर बुडत जातो, प्रवाळ उजेडासाठी वर वाढत राहतो आणि शेवटी डोंगर नाहीसा होऊन नुसतं कडं उरतं. पॅसिफिकमधल्या एनिवेटोक बेटावर १९५२ मध्ये खोदलं तेव्हा १२०० मीटरपेक्षा जास्त प्रवाळखडक भेदल्यावर ज्वालामुखीचा दगड लागला. डार्विनचं म्हणणं खरं ठरायला ११० वर्षं लागली. रात्री पुळणीवर आडवं पडलं की आपल्या खाली एक बुडालेला पर्वत आहे ही जाणीव मला फार आवडायची.

पायाखालची ही पांढरी वाळू कसली असते?

प्रवाळाचे, शिंपल्यांचे आणि समुद्री शेवाळाच्या चुनखडी सांगाड्यांचे तुकडे. त्यातला मोठा वाटा पोपटमाशांचा. हे मासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडून शेवाळ खातात आणि खडकाचा चुरा वाळू म्हणून बाहेर टाकतात. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. पाण्यात डोकं बुडवून शांत राहिलं तर त्यांचं कुरतडणं चक्क ऐकू येतं.

खायला काय मिळतं? नाव आली नाही तर?

भात, पीठ, डाळी, तेल, कांदे, बटाटे सगळं नावेनं येतं. बेटावरचं म्हणाल तर नारळ, केळी, पपई, नीरफणस आणि मासे. नीरफणस शिजवला की बटाट्याच्या जवळ जाणारी चव येते, भाजला तर आणखी चांगला लागतो.

नाव चुकणारच हे धरून चाला. आमच्याकडे एकदा सलग बारा दिवस समुद्र खवळलेला होता. पहिल्या आठवड्यात ताजी भाजी संपली, मग कांदे. भोपळा टिकला, डाळ-तांदूळ टिकले. घरात कायम तीन आठवड्यांचा कोरडा शिधा, नेहमीच्या औषधांचा दुप्पट साठा आणि पाणी उकळायला पुरेसं इंधन ठेवा.

नारळाबद्दल थोडं. शहाळं सहा-सात महिन्यांचं, पक्का नारळ साधारण वर्षाचा. झाडाखाली झोपू नका, खुर्ची टाकू नका, झोळी बांधू नका. पक्का नारळ आपल्या सोडणासह दीड-दोन किलोचा असू शकतो आणि तो वीस मीटरवरून येतो. हिंदी महासागर आणि पॅसिफिकमधल्या काही बेटांवर नारळखेकडा दिसतो, चार किलोपर्यंत वाढणारा, नारळ फोडून खाणारा. तो दिसला तर दुरूनच पाहा.

माशांची एक सूचना मनावर घ्या. प्रवाळांजवळच्या काही मोठ्या शिकारी माशांच्या अंगात, उदाहरणार्थ बाराकुडा, मोरे ईल, मोठे हेकरू, सिग्वाटेरा नावाची विषबाधा घडवणारं विष साठतं. ते सूक्ष्म शैवालातून लहान माशांत आणि तिथून मोठ्यांत येतं. शिजवून, तळून, गोठवून ते जात नाही, चवीला आणि वासालाही कळत नाही. उलट्या-जुलाबांबरोबर गार वस्तू गरम लागायला लागते, हे त्याचं ओळखीचं लक्षण. कुठला मासा कुठल्या बाजूचा खायचा नाही हे बेटावरचे मासेमार जाणतात. त्यांना विचारल्याशिवाय स्वतः पकडलेला मोठा मासा खाऊ नका.

पाण्यात सगळ्यात मोठा धोका कशाचा? शार्कचा का?

नाही. पाण्याच्या ओढीचा. लाटांनी आणलेलं पाणी कुठूनतरी परत जातं. प्रवाळाच्या कड्यातली खिंड ही त्याची वाट असते. तिथे ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दमाल. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की मग तिरके आत या. एकट्यानं पोहायला जायचं नाही, हे नुसतं सांगण्यापुरतं राहू देऊ नका.

मग पायाखालचे धोके. हिंदी महासागर आणि पॅसिफिकमध्ये दगडासारखा दिसणारा स्टोनफिश उथळ पाण्यात निपचित पडलेला असतो. त्याचे काटे पातळ चपलेतूनही घुसतात. जाड तळाचे बूट घाला आणि पाय उचलून टाकण्यापेक्षा घसटत चाला. काटा लागलाच तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सियस, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात आणि तेवढ्यात दवाखाना गाठायचा असतो. शंकूच्या आकाराच्या देखण्या जिवंत शंखांना हात लावू नका. त्यातल्या काही गोगलगायी माणूस दगावेल इतकं विषारी दंश करतात. जिथे बॉक्स जेलीफिश असतात तिथे किनाऱ्यावर व्हिनेगर ठेवलेलं दिसेल. ते दंशाच्या जागी ओतायचं, जागा चोळायची नाही.

प्रवाळानं झालेली बारीक जखमही साबण आणि गोड्या पाण्यानं लगेच धुवा. ती फार पटकन चिघळते, हे मी स्वतः भोगलं आहे.

डास आणि आजारपण?

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि करवंटीतल्या पाण्यातही वाढतो. आठवड्यातून एकदा घराभोवती फिरून प्रत्येक करवंटी, डबा, टायर पालथा घाला. मलेरियाचा धोका बेटागणिक वेगळा असतो, निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. जायच्या आधी दात तपासून घ्या. बेटावर दाढ दुखायला लागली की नावेची वाट बघणं किती कठीण असतं ते विचारू नका. आणीबाणीत रुग्णाला बेटाबाहेर हलवण्याचा खर्च विम्यात धरला आहे ना, तेही पाहून ठेवा.

ऊन सहन होतं का?

सवय होते असं वाटतं, त्वचेला मात्र ती होत नाही. दोन्ही अयनवृत्तांच्या मधल्या प्रत्येक जागी वर्षातून दोनदा सूर्य डोक्यावर येतो आणि तो शून्य सावलीचा दिवस असतो. अतिनील किरणं ढगांतून बरीच पार होतात. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद टोपी आणि पोहताना अंग झाकणारा पोशाख, यांनी मलमापेक्षा जास्त संरक्षण मिळतं. मलम लावायचंच तर आधी स्थानिक कायदा बघा. प्रवाळाला हानिकारक ठरू शकणारी काही रसायनं असलेल्या मलमांवर पलाऊनं २०२० पासून आणि हवाईनं २०२१ पासून निर्बंध आणले आहेत.

वादळ किंवा सुनामी आली तर?

चक्रीवादळं विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच अंशांच्या पट्ट्यात सहसा तयार होत नाहीत. तिथे पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला मिळणारं वळण फार क्षीण असतं. त्याबाहेरच्या बेटांवर हंगाम पाहून जा. उत्तर अटलांटिकमध्ये जून ते नोव्हेंबर, दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल, उत्तर हिंदी महासागरात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर.

सुनामीबद्दल मला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. सुमात्राजवळच्या सिमेलुए बेटावर १९०७ मध्ये मोठी लाट आली होती. तिची आठवण तिथल्या लोकांनी ‘स्मॉंग’ या एका शब्दात जपली: जमीन जोरात हादरली, समुद्र मागे हटला, की डोंगर गाठायचा. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाचं केंद्र त्यांच्या अगदी जवळ होतं. बेटावर सुमारे ७८ हजार माणसं होती, त्यातली फक्त सात गेली. कुठला भोंगा वाजला नव्हता, आजी-आजोबांनी सांगितलेलं तेवढं होतं. लाटेआधी समुद्र दरवेळी मागे जातोच असं नाही, म्हणून जोराचा आणि लांबलेला धक्का हाच इशारा माना. सखल बेटावर डोंगर नसतो, तिथे सगळ्यात भक्कम काँक्रीटची इमारत आणि तिचा वरचा मजला पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

वीज, इंटरनेट, सामान?

सौरऊर्जा किंवा ठरलेल्या वेळी चालणारा जनरेटर. इंटरनेट आलं तर आलं. सामानाचे दोन शत्रू आहेत, खारी हवा आणि दमट हवा. कात्री, झिप, लॅपटॉपचे स्क्रू गंजतात. चामडं आणि पुस्तकं बुरशीनं भरतात. हवाबंद डबे, ओल शोषणाऱ्या पुड्या, स्टीलच्या वस्तूंवर तेलाचा हात. आणि जे प्लास्टिक आणाल ते परत न्या, कारण छोट्या बेटावर कचरा टाकायला दुसरी जागाच नसते.

प्रवाळ खरंच मरत चालले आहेत का?

हो, आणि ते डोळ्यांनी दिसतं. प्रवाळाच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लगेच पाणी निवलं तर तो वाचतो. जगभर असं १९९८, २०१०, २०१४ ते १७ आणि पुन्हा २०२३ पासून झालं. माझ्या घरासमोरचं जांभळ्या फांद्यांचं एक झाड मी रोज बघत असे. पाचव्या महिन्यात ते टोकांकडून फिकं व्हायला लागलं. मी निघाले तेव्हा त्याच्यावर तपकिरी शेवाळ चढलं होतं. बेटाला लाटांपासून वाचवणारी भिंत हीच आहे. म्हणून त्यावर उभं राहू नका, नांगर टाकू नका, मासे बघताना पायातले पंख जपून हलवा.

रात्री कंटाळा येत नाही?

मला आठ महिन्यांत एकदाही आला नाही. ध्रुवतारा क्षितिजाला टेकलेला असतो. तो क्षितिजाच्या जितके अंश वर, तितके आपले अक्षांश. दक्षिणेला अगस्ती आणि त्रिशंकू वर चढलेले. सातावाल बेटाचे नावाडी माऊ पियाइलुग यांनी १९७६ मध्ये कुठल्याही यंत्राशिवाय, तारे आणि लाटांच्या दिशा वाचत ‘होकुलेआ’ ही दुहेरी होडी हवाईहून ताहितीला नेली, सुमारे ४००० किलोमीटर. हे वाचलेलं होतं, पण तिथल्या आकाशाखाली बसल्यावर ते शक्य कसं झालं असेल ते थोडं कळायला लागलं.

काळोख्या रात्री पाण्यात हात फिरवला की कधी कधी निळसर उजेड उमटतो. तो सूक्ष्म जीवांचा. आणि कासवं. त्यांच्या अंड्यांतून मादी निघणार की नर, हे वाळूच्या उबेवर ठरतं, जास्त उबेत माद्या. पिल्लं उजेडाच्या दिशेनं निघतात, म्हणून त्या हंगामात किनाऱ्याकडचे दिवे बंद. एका पहाटे मी साठेक पिल्लं पाण्यात जाताना पाहिली. उचलून मदत करायची फार इच्छा झाली, केली नाही. ते चालणं त्यांचं त्यांनीच करायचं असतं.

एकटं वाटतं का? तिथली माणसं आपलंसं करतात का?

दुसरा महिना सगळ्यात जड जातो. नवलाई ओसरलेली असते आणि ओळखी अजून मुरलेल्या नसतात. मला उपयोग झाला तो कामांचा: जाळं वाळत घालायला हात लावणं, शाळकरी मुलांबरोबर बसणं, नाव आली की पोती उतरवायला धक्क्यावर जाणं. छोट्या बेटावर सगळ्यांना सगळं कळतं, त्यामुळे शब्द पाळा. कपड्यांचे, प्रार्थनेच्या वेळांचे, किनाऱ्याच्या कुठल्या भागात जायचं नाही याचे नियम असतात. ते आधी विचारा. विहिरीवर आपला नंबर आल्यावरच बादली सोडा.

आठवण म्हणून शंख-शिंपले आणता येतील का?

बऱ्याच ठिकाणी कायद्यानं बंदी आहे. नसली तरी आणू नका. शंखखेकड्याचं पोट मऊ असतं आणि वाढत जाईल तसा त्याला मोठा शंख लागतो. रिकामा शंख मिळाला की कधी कधी खेकडे आकारानं लहानमोठे असे रांगेत लागतात. सगळ्यात मोठा नव्या शंखात शिरतो, त्याच्यापेक्षा लहान त्याच्या सोडलेल्या शंखात, असं करत रांगेच्या शेवटापर्यंत सगळ्यांची घरं बदलतात. निघायच्या आदल्या दिवशी मी खिडकीत ठेवलेला एकुलता एक शंख भरतीच्या रेषेवर नेऊन ठेवला. सकाळी नावेकडे जाताना पाहिलं, तर तो तिथे नव्हता. वाळूत बारीक पायांची एक रेघ झुडपांकडे गेलेली होती.